खांद्यावरचं दही

लातूर-नांदेडकडं बाळंतीण माहेरी आली की आठवड्याभरात घरातल्या प्रत्येकाच्या खांद्यावर एक आंबूस पांढरा डाग दिसायला लागतो. आजीच्या लुगड्यावर, मामाच्या शर्टावर, बघायला आलेल्या शेजारणीच्या पदरावरसुद्धा. लेकरू पितं, ढेकर देतं आणि ढेकरेबरोबर घोटभर दूध परत करतं. तेही फाटलेलं, दह्याच्या कवडीसारखं. नव्या आईचा जीव वरखाली होतो. "आई, ह्याला माझं दूध बाधायलंय का गं?"

बाधत नसतं. दूध फाटलं म्हणजे पचायला लागलं. जठरातलं आम्ल दुधातल्या केसीनची कवडी बांधतं, जवळजवळ विरजणासारखीच. नवल आहे ते या दुधाला परतीची वाट कशी मिळते यात.

अन्ननळी जिथं जठराला मिळते तिथं स्नायूंचं एक वळं असतं. आपण गिळलं की ते सैल पडतं आणि घास आत जातो. पण जठर फुगलं की हे वळं न गिळताही अधूनमधून काही सेकंद आपसूक उघडतं, कोंडलेल्या हवेला वाट द्यायला. ढेकर येते ती यामुळंच. हे दार उघडलंच नसतं तर पोटात शिरलेली हवा आतच राहिली असती. मोठ्या माणसाच्या पोटात त्या वेळी हवा वर आणि अन्न खाली असतं. तान्हं बाळ आडवं असतं, पोटात सगळं पातळ, आणि अन्ननळी वीतभरसुद्धा नाही. हवेसाठी उघडलेल्या दारातून दूधही निसटतं.

शिवाय ते पितं किती! वजनाच्या दर किलोमागं दिवसाला सुमारे १५० मिलिलिटर. याच हिशेबानं ६० किलोच्या माणसानं दूध प्यायचं ठरवलं तर रोज नऊ लिटर लागेल. एवढं पिऊन आडवं पडलं तर कुणाचं आत राहील?

शिकागोच्या बालरोगतज्ज्ञांनी १९९७ साली साडेनऊशेच्या आसपास पालकांना विचारून याचा हिशेब मांडला. चार महिन्यांच्या वयात ६७ टक्के बाळं दिवसातून एकदा तरी दूध टाकत होती. दहा ते बारा महिन्यांच्या वयात हेच प्रमाण ५ टक्क्यांवर आलं होतं. लेकरू बसायला लागतं, घट्ट खायला लागतं, नळी लांब होते आणि गुळण्या आपोआप थांबतात. जर्मन लोकांनी तर म्हणच करून ठेवली आहे : ओकणारी मुलं, वाढणारी मुलं.

पण काही घरांत गोष्ट इथं संपत नाही. लेकरू पिता पिता किंचाळतं, धनुकलीसारखं मागं वाकतं, स्तन तोंडात घ्यायलाच तयार होत नाही, रात्र रात्र झोपत नाही. काही लेकरं मान अशी पिरगाळतात की घरच्यांना फेफऱ्याचा संशय येतो. या मान वाकवण्याला पॉल सँडिफर या लंडनच्या मेंदूविकारतज्ज्ञाचं नाव आहे, आणि मेंदूत बहुधा काहीच बिघडलेलं नसतं. असल्या घरातली आई औषध मागते, तिला दोष कसा द्यायचा?

औषधामागचं विज्ञान थक्क करणारं आहे. जठराच्या भिंतीतल्या पेशी रक्तातले हायड्रोजनचे कण ओढून दहा लाख पटींहून अधिक तीव्र करून जठरात सोडतात. हे काम करणाऱ्या पंपाला कुलूप लावणारी गोळी, ओमेप्राझोल, १९८८ साली बाजारात आली. मोठ्यांच्या अल्सरवर तिनं कमाल केली. मग वाटलं, रडणाऱ्या तान्ह्यांनाही द्यावी. त्याच जातीचं लान्सोप्राझोल १६२ बाळांवर तपासून पाहिलं गेलं. ८१ जणांना औषध, ८१ जणांना नुसतं औषधासारखं दिसणारं काहीतरी. २००९ साली निकाल छापून आला. औषधवाल्यांपैकी ४४ बाळांचा त्रास कमी झाला, आणि दुसऱ्या गटातल्याही बरोबर ४४! छातीच्या संसर्गासारखे गंभीर त्रास मात्र औषधाच्या गटात जास्त निघाले.

एकदा कळलं की हे साधं वाटतं. गोळी आम्ल थांबवते, दार लावत नाही. आणि नुकत्याच प्यायलेल्या दुधानं जठरातलं आम्ल बरंचसं मावळलेलंच असतं, त्यामुळं लगेच आलेल्या गुळणीत ते फारसं नसतंच. अन्ननळीला खरोखर जखम झाली असेल तर हे औषध हवंच. ते ओळखायला दुर्बीण घालून बघतात किंवा नाकातून बारीक नळी सोडून एक अख्खा दिवस नोंद घेतात.

मग रडणं कशाचं? कधीकधी गाईच्या दुधाचं. लेकरानं ते थेंबभरही प्यायलेलं नसताना! आईनं प्यायलेल्या दुधातली प्रथिनं सूक्ष्म प्रमाणात तिच्या अंगावरच्या दुधात उतरतात, आणि एखाद्या लेकराला तेवढीही सोसत नाहीत. म्हणून डॉक्टर आईला दोन ते चार आठवडे दूध-दुभतं सोडायला सांगतात. फरक पडला तर पुन्हा थोडं सुरू करून खात्री करतात. सांगायला सोपं आहे. बाळंतिणीच्या ताटातून दूध-तूप काढायचं म्हणजे आपल्याकडं घरात लढाई. त्यात लातूर ही देवणी गाईची भूमी आणि नांदेड लाल कंधारीची. "आपल्या गावरान गाईचं दूध कसं बाधंल?" देशी गाईच्या दुधाचं कौतुक खरं असलं तरी अॅलर्जी जागवणारी प्रथिनं तिच्याही दुधात असतात. उस्मानाबादी शेळीचं दूध हाही उतारा नाही. गाईचं न सोसणाऱ्या बहुतेक लेकरांना शेळीचंही सोसत नाही.

रडणाऱ्या लेकराला घरोघरी पाजल्या जाणाऱ्या ग्राइप वॉटरची कथा गमतीची आहे. १८५१ साली नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्डनं ते बनवलं. त्यात खाण्याचा सोडा होता, बडीशेपेच्या कुळातल्या एका बीचं तेल होतं आणि सुरुवातीला दारूही होती. ते बी म्हणजे आपला बाळंतशेपा, जो आपली बाळंतीण जेवणानंतर चघळते. विलायती बाटलीतून तो लेकराच्या तोंडात गेला, एवढंच. सहा महिन्यांच्या आत मात्र ते नको आणि सहाणेवरची गुटीही नको.

लुगड्याच्या झोळीत लेकरू पोटात दुमडतं, पोटावर दाब येतो, म्हणून पाजल्या पाजल्या झोळी नको. खांद्यावर उभं धरावं, थोडं थोडं पाजावं. आणि झोपवावं उताणंच. दूध घशात अडकेल या भीतीनं बाया लेकराला कुशीवर वळवतात, पण उताण्या लेकराची श्वासनळी अन्ननळीच्या वर असते. आलेलं दूध खालच्या खाली राहतं.

उलटी हिरवी झाली, रक्त आलं, किंवा तीन ते सहा आठवड्यांचं लेकरू पिचकारीसारखं ओकून लगेच पुन्हा भुकेनं रडू लागलं, तर सकाळ होण्याची वाट बघू नये. नांदेडजवळच्या विष्णुपुरीचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असो की लातूरची विलासराव देशमुख संस्था, त्याच रात्री गाठावं. पिचकारीच्या उलटीत जठराचं खालचं तोंड सुपारीसारखं घट्ट झालेलं असतं. कॉनरॅड राम्स्टेटनं १९१२ साली मांडलेली छोटी शस्त्रक्रिया त्यावर आजही चालते.

वरच्या दाराचीही शस्त्रक्रिया आहे. जठराचाच वरचा भाग अन्ननळीभोवती मफलरसारखा गुंडाळायचा. १९५५ साली ती पहिल्यांदा करणारे रुडॉल्फ निस्सेन यांनी सात वर्षं आधी आइन्स्टाइनच्या फुगलेल्या महाधमनीला सेलोफेन गुंडाळलं होतं! गुंडाळण्यात या माणसाचा हातखंडा असावा. फार थोड्या लेकरांना ही लागते.

बाकीच्यांचा निवाडा गावातल्या आरोग्यसेविकेच्या, आशाताईच्या, पिशवीतला वजनकाटा करतो. दवाखान्यात बाळंतपण झालं तरी ती बेचाळीस दिवसांत सहा वेळा घरी येते. लेकराला कापडी झोळीत घालते, काटा उचलते, आकडा स्थिरावण्याची वाट बघते. अठ्ठाविसाव्या दिवसापासून बेचाळिसाव्यापर्यंत चारशे ग्रॅम वाढले असले तर ती हसून कार्डावर ठिपका देते, लेकराला उचलून खांद्याला लावते, आणि तेवढ्यात तिच्याही साडीवर पांढरा डाग पडतो.