समुद्र सांधे तपासतो

मालवणच्या समुद्रात १० मीटर खोल गेलेल्या एखाद्या कॅमेऱ्याची कल्पना करा. तो ज्या जलरोधक पेटीत, म्हणजे हाउसिंगमध्ये बसवलाय, तिला मागे एक दार आहे : २० सेंटीमीटर रुंद, १५ सेंटीमीटर उंच. एवढ्याशा दारावर पाण्याचा सुमारे ३०० किलोंचा भार पडत असतो. आत कोरडं, नाजूक, महागडं यंत्र. बाहेर अख्खा अरबी समुद्र. आणि दोघांच्या मध्ये एक रबरी कडं. त्याला ओ-रिंग म्हणतात.

या कड्याची करामत समजली की थक्क व्हायला होतं. ते एका खाचेत बसवलेलं असतं आणि दार मिटलं की किंचित चेपतं. पेटी खोल जाऊ लागते तसं पाणी आत घुसायला धडपडतं आणि त्या धडपडीतच कड्याला खाचेच्या पलीकडच्या कडेवर रेटतं. फट असते नेमक्या तिथेच रबर जाऊन बसतं. दाब वाढेल तसं ते आणखी घट्ट होतं. समुद्राच्याच जोरावर समुद्राला अडवणारी युक्ती! नील्स क्रिस्तेन्सेन या डॅनिश-अमेरिकन संशोधकाला १९३९ साली तिचं अमेरिकी पेटंट मिळालं. पण याच कड्यावर तारकर्लीच्या पुळणीतला वाळूचा एखादा कण किंवा डोक्याचा एखादा केस राहून गेला, तर पाण्याला तेवढी वाट पुरते.

म्हणून चांगल्या हाउसिंगमधली थोडी हवा होडीवरच छोट्या पंपाने काढून घेतात. आतला कमी झालेला दाब तसाच टिकला तर हिरवा दिवा लागून राहतो. कुठे गळती असेल तर हवा आत शिरते, दाब वाढतो आणि दिवा इशारा देतो. समुद्राला चूक सापडण्याआधी ती माणसाला सापडते.

व्यावसायिक कॅमेरा म्हणजे काय, असं विचारलं की बोलणं लगेच मेगापिक्सेलवर आणि किमतीवर जातं. मला त्याची खरी ओळख या हिरव्या दिव्यात दिसते. आपण कुठे फसू शकतो, हे त्या व्यवस्थेला आधीपासून ठाऊक असतं. तिचे सुटे भाग उत्तम असतातच, पण तिचा कस लागतो तो दोन भाग जिथे एकमेकांना भेटतात तिथे. कुरटे बेटावर १६६४ साली सिंधुदुर्गाचं बांधकाम सुरू झालं, तेव्हा पायाचे चिरे शिसं ओतून बसवले, असं सांगतात. लाटांशी गाठ असली की दगडाइतकाच दोन दगडांमधला सांधाही पक्का लागतो.

आता लेन्ससमोरच्या काचेकडे वळू. सपाट काचेतून पाण्यातली वस्तू सुमारे एक तृतीयांशाने मोठी भासते आणि वाइड लेन्सच्या चित्राच्या कडा विस्कटतात. त्यावर उपाय म्हणजे घुमटाकार काच, अर्थात डोम. इथे प्रकाश खरा चमत्कार दाखवतो. डोमची त्रिज्या १० सेंटीमीटर असेल, तर कितीही दूरचं दृश्य काचेपुढे जेमतेम ३० सेंटीमीटरवर उभं असल्यासारखं लेन्सला दिसतं. बाहेरचं पाणी आणि आतली हवा यांच्यामधली ती गोलाई स्वतःच एक भिंग बनते. समुद्र कॅमेऱ्याचाच भाग होऊन जातो. म्हणून लेन्सला इतक्या जवळ फोकस करता आलं पाहिजे, आणि डोमचा मध्य लेन्समधल्या ठरावीक बिंदूवर यायला हवा. हाउसिंग बनवणारे त्यासाठी तक्तेच देतात : अमुक लेन्सला अमुक डोम आणि मधे इतक्या मिलिमीटरची जोडनळी.

निकॉनने १९६३ साली बाजारात आणलेल्या निकोनोस या पाणकॅमेऱ्याची गोष्ट याहून विलक्षण आहे. त्याच्या काही लेन्सचं गणितच समोर पाणी आहे असं धरून मांडलेलं होतं. पाण्यात त्या लखलखीत चित्र देत आणि जमिनीवर आल्या की धूसर.

मग प्रकाश. लाल रंग पाण्याच्या वरच्या काही मीटरांतच शोषला जातो, त्यामुळे खालचा तांबडा मासा करडा-हिरवट दिसतो. त्याचा रंग परत आणायला फ्लॅश लागतो. पण मालवणच्या पाण्यात खाड्यांचा गाळ असतो, सूक्ष्म वनस्पती तरंगत असतात. फ्लॅश लेन्सला चिकटून ठेवला तर समोरचा कण न् कण उजळतो आणि चित्र पांढऱ्या ठिपक्यांनी भरून जातं. म्हणून दोन फ्लॅश लांब दांड्यांवर दोन बाजूंना धरतात, प्रकाश तिरका सोडतात आणि माशाच्या शक्य तितकं जवळ जातात. मधलं पाणी कमी करण्याइतका नामी फिल्टर दुसरा नाही.

वर आल्यावर खारं पाणी सुकण्याआधी हाउसिंग गोड्या पाण्यात बुडवून ठेवायचं आणि त्या पाण्यातच एकेक बटण दाबायचं, म्हणजे कोपऱ्यांतलं मीठ सुटतं. पावसाळ्यात डायव्हिंग बंद असतं, पण दमट हवेमुळे लेन्सच्या आत बुरशी धरते. तेव्हा सगळा संच आर्द्रता आवरणाऱ्या बंद कपाटात जातो.

एवढा खटाटोप कशासाठी? मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं. या पाण्यात जिवंत प्रवाळ आहेत. पाणी फार तापलं की प्रवाळ आपल्या अंगातली सूक्ष्म शैवालं बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. गोव्यात दोनापावलाला असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी मालवणमध्ये हे विरंजन नोंदवलं आहे. अशा नोंदीसाठी तीच जागा, तेवढंच अंतर, तोच प्रकाश, शेजारी रंगांची पट्टी आणि त्याच क्षणी दोन कार्डांवर उमटणारी प्रत, हे सगळं लागतं. गेल्या वर्षीच्या चित्रातला पांढरेपणा फ्लॅशचा होता की उष्णतेचा, असा संशय उरला तर ते चित्र कितीही देखणं असो, प्रवाळाच्या काही कामाचं नाही. दहा वर्षांनी कुणी विचारलं तरी चित्राला आपली बाजू मांडता आली पाहिजे. कॅमेऱ्याचा संच ही खात्री देतो, तेव्हाच तो व्यावसायिक ठरतो.

पैसे मोजून यातली अर्धीच खात्री मिळते. उरलेली अर्धी येते ओ-रिंगवरून बोट फिरवणाऱ्या, केस शोधणाऱ्या, घाई नाकारणाऱ्या माणसाकडून. तशी माणसं या किनाऱ्यावर आहेत. हंगामात रोज पाण्यात उतरणाऱ्या इथल्या स्कूबा मार्गदर्शकांना खडक न् खडक ओळखीचा असतो, आणि महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था तारकर्लीलाच आहे. पोहण्याबरोबर अशी शिस्तीची चित्रनोंदही तिथे शिकवली जावी. पर्यटकांची हौस भागवणारा कॅमेरा या मार्गदर्शकांच्या हाती आहेच. मालवणच्या प्रवाळांचा इतिहास लिहिणारा कॅमेराही त्यांच्याच हाती यायला हवा.