रणगाडा कोणता? चाकं मोजा!

बेडसे म्हटलं की तुम्हाला लेणी आठवतील. मला आठवतो आजोळच्या भिंतीवरचा फोटो. रुतलेला रणगाडा, वर आजोबा आणि तीन जवान, खाली शाईने लिहिलेलं : ‘1971, पकडलेला पॅटन’.

आजोबा आता नाहीत. आजी म्हणते, ‘हे तिकडं बंगालात होते.’ आम्ही म्हणायचो, ‘अगं, पॅटन तर पश्चिमेच्या सीमेवर होते!’

परवा मी चाकं मोजली. एका बाजूला पाचच. पॅटनला सहा असतात. पाच मोठी चाकं, वर पट्टा पेलणारी तीन छोटी, साध्या तोंडाची तोफ : हा अमेरिकन बनावटीचा चॅफी, साधारण 18 टनांचा हलका रणगाडा. 1971 मध्ये पूर्व पाकिस्तानातल्या पाकिस्तानी रणगाडा रेजिमेंटकडे मुख्यतः चॅफीच होते.

तुमच्याकडेही असा फोटो असेल तर वर कोण बसलंय, चिन्ह कुणाचं आहे, यावर जाऊ नका. रणगाडा ताब्यात आला की चिन्ह बदलतं. चाकं तीच राहतात. मोठी चाकं सहा, वर छोटी एकही नाही आणि पुढून होडीसारखा? तो पाण्यात तरंगणारा पीटी-76. नोव्हेंबर 1971 मध्ये गरीबपूरला आपले पीटी-76 याच चॅफींशी भिडले होते.

सराव करायचाय? अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात जा आणि मोजत फिरा.

आजीला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘मग मी इतकी वर्षं काय सांगत होते?’