गुरांच्या पोटातील जीवसृष्टी

सातारा व सांगली जिल्ह्यांत बेंदरास बैलांना पुरणपोळी चारण्याची प्रथा आहे. ती चारताना प्रमाण का राखावे, हे शिक्षकांनी मुलांस समजावून द्यावे.

गवत व कडबा यांतील काष्ठमय तंतू पचविणारा रस गुरांच्या शरीरात तयार होत नाही. ते काम त्यांच्या पोटाच्या चार कप्प्यांपैकी पहिल्या व सर्वांत मोठ्या कप्प्यातील, म्हणजे कोटीपोटातील, सूक्ष्मजीव करतात. तेथील द्रवाच्या एका थेंबात कोट्यवधी जंतू असतात. ते तंतू आंबवून सौम्य आम्ले तयार करतात. त्यांपासूनच जनावरास बहुतेक शक्ती मिळते. पुढे हे जंतूही खऱ्या पोटात पचतात व प्रथिने पुरवितात.

धान्य, पीठ वा गोड पदार्थ एकाएकी फार पोटात गेल्यास मात्र आम्ल बेसुमार वाढते, तंतू पचविणारे जंतू मरतात, जनावर रवंथ करीत नाही व प्रसंगी दगावते. म्हणून पोळीचा घास मानापुरता द्यावा. पोट वैरणीनेच भरावे. वैरणीतील पालटही एक-दोन आठवड्यांत क्रमाने करावा.

निरोगी गाय रवंथाचा एक घास सुमारे ५० वेळा चघळते. मुलांनी हे घरी मोजून पाहावे.