रॅम टाकली आणि झोप उडाली!

कॉम्प्युटर स्लो झाला की आपण काय करतो? रॅम वाढवतो. आणि वाढवल्यावर तो धाडकन बंदच पडायला लागला तर? ऐन लग्नसराईत उंब्रजच्या एका फोटो स्टुडिओत घडलेला हा किस्सा. तुमच्या टेबलावरही घडू शकतो, तेव्हा वाचाच.

"आगं, रॅम टाकल्यापास्नं पीसी सारखा बंद पडतोय बघ. निळा स्क्रीन येतोय नि गप होतोय. तू कॉम्प्युटरवर लिहितीस ना? मग ये की बघायला!"

नोव्हेंबर २०२५ संपत आला असताना माझ्या मावसभावाचा, म्हणजे दादाचा हा फोन आला. कॉम्प्युटरवर लिहिणं आणि कॉम्प्युटर दुरुस्त करणं यात फरक असतो, हे त्याला समजावण्यात अर्थ नव्हता. शुक्रवारी रात्रीची एसटी पकडली. पुणे-बेंगळुरू हायवेवर सातारा मागे पडलं की कराडच्या अलीकडे उंब्रज येतं. तारळी इथे कृष्णेला मिळते. दादाचा स्टुडिओ बाजारपेठेत आहे. तुळशीचं लग्न लागलं की त्याचा सीझन सुरू होतो, आणि मग पौषात शेजारच्या पालला खंडोबाचं लग्न लागेपर्यंत त्याला जेवायलाही फुरसत नसते.

झालं होतं असं. दादाच्या मशीनमध्ये ८ जीबीच्या दोन स्टिक होत्या, डीडीआर४, ३२०० स्पीडच्या. फोटोशॉपमध्ये अल्बमची मोठमोठी पानं उघडली की मशीन रडायचं. नवी रॅम घ्यावी, तर भाव कडाडलेले. एआयच्या डेटा सेंटर्सना मेमरी हवी म्हणून कारखान्यांनी माल तिकडे वळवला आणि झळ आपल्या खिशाला बसली. (मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये 'क्रुशल' हा आपला घरगुती ग्राहकांसाठीचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं.) मग दादाने ओळखीतल्या एकाच्या बंद पडलेल्या मशीनमधून ८-८ जीबीच्या दोन स्टिक स्वस्तात उचलल्या. त्या २६६६ स्पीडच्या, कंपनी वेगळी. खोचल्या, मशीन चालू झालं, ३२ जीबी दिसले. पार्टी झाली!

तिसऱ्या दिवशी निळा स्क्रीन. (विंडोज ११ च्या नव्या अपडेटपासून तो काळा झालाय, दुःख तेवढंच.) कधी त्यावर 'मेमरी मॅनेजमेंट' असं लिहून यायचं, कधी 'पेज फॉल्ट'. गंमत म्हणजे गाणी लावा, मेल बघा, काही नाही. अल्बम एक्स्पोर्ट करायला घेतला की धाडकन बंद! यात गूढ काही नाही. रॅममधला एखादाच कप्पा नासका असेल, तर मशीन तिथपर्यंत पोचेपर्यंत सगळं सुरळीत दिसतं. काम वाढलं, कप्पे भरत गेले, की गाठ पडते.

सल्ला द्यायला अख्खी बाजारपेठ तयार होती. एक म्हणाला व्हायरस, दुसरा म्हणाला एसएमपीएस गेला. आणि तिसऱ्याचा तो आपला राष्ट्रीय उपाय : "फॉरमॅट मार!" मी पोचले तेव्हा दादा पेनड्राइव्ह हातात घेऊन विंडोज उडवायच्या तयारीत बसला होता. मी तो काढून घेतला. रॅम खराब असताना नवं विंडोज टाकणं म्हणजे गळक्या बादलीतून टाकी भरणं. प्रत्येक फाइल डिस्कवर जाताना रॅममधूनच जाते ना! तिथे एक शून्याचा एक झाला, की डिस्कवर चुकीचंच उतरतं.

हे बोलताना माझीच ट्यूब पेटली. "दादा, गेल्या आठवड्यातले फोटो उघड बरं."

त्याने फोल्डर उघडलं. पहिली शंभरेक छान. मग एक फोटो आला, वरती नवरदेवाचा फेटा आणि खाली नुसता राखाडी पट्टा. पुढे एकात गुलाबी रेघा. दादाचा चेहरा पडला. स्टुडिओचा पीसी दुरुस्त होईल हो, लग्न परत कुठून लावणार?

त्याक्षणी पहिला नियम केला : या मशीनवर एकही फाइल कॉपी करायची नाही, सेव्ह करायची नाही, कॅमेऱ्याची कार्डं पुसायची नाहीत. तुमच्या बाबतीत असं झालं, तर तुम्हीही आधी हेच करा. दुरुस्ती नंतर.

मग स्क्रू ड्रायव्हर. मशीन बंद केलं, प्लग काढला, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरलं म्हणजे उरलासुरला करंट जातो, आणि कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला. थंडीत स्वेटर घालून थेट रॅमला हात लावाल, तर अंगातल्या स्टॅटिक विजेनेच तिचा निकाल लागायचा. आत हायवेची धूळ इतकी की गहू पेरावेत. एक स्टिक एका बाजूने नीट बसलीच नव्हती. ती दोन्ही टोकांनी सरळ दाबायची असते, क्लिप 'टक्' करेपर्यंत. निम्म्या केसेस इथेच मिटतात, हा माझा अंदाज. सोनेरी कडा खोडरबरने घासायचा आपल्याकडचा जुना फंडा आहे. चालतो, पण चुरा स्लॉटमध्ये पडता कामा नये. त्यापेक्षा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ फडकं बरं.

नीट बसवून पाहिलं. क्रॅश कायम.

पुढचा संशयित स्पीड. बायोसमध्ये 'एक्सएमपी' नावाची सेटिंग असते (एएमडीच्या नव्या डीडीआर५ मशीनवर 'एक्स्पो'). ती रॅमला तिच्या डब्यावर छापलेल्या स्पीडने पळवते. दादाची ती ३२०० वर चालू होती. जुन्या दोघींना ते झेपत होतं, नव्या पाहुण्या बिचाऱ्या २६६६ च्या. शिवाय दोनाऐवजी चार स्टिक झाल्या की प्रोसेसरच्या मेमरी कंट्रोलरवरही भार वाढतो. एक्सएमपी बंद करून बायोस मूळ सेटिंगवर आणलं. आता क्रॅश तासाभराने यायला लागला. म्हणजे सुधारणा, पण सुटका नाही.

आता वेगळं करून बघण्याशिवाय इलाज नव्हता. एका वेळी एकच स्टिक, एकाच स्लॉटमध्ये (बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरा, मॅन्युअल बघा). विंडोजमध्ये मेमरी तपासायचं टूल फुकट असतं, स्टार्टमध्ये 'मेमरी' टाइप केलं की सापडतं. पण ते वरवरचं. मी मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर घेतलं. हा पेनड्राइव्ह घरी, मावशीच्या नातवाच्या लॅपटॉपवर बनवला, स्टुडिओच्या आजारी मशीनवर नाही. मेमटेस्ट विंडोजशिवायच चालू होतं, रॅमच्या प्रत्येक कप्प्यात आकडे लिहितं आणि परत वाचून बघतं. एकेका स्टिकला दोन-अडीच तास. मावशीने पिठलं-भाकरी स्टुडिओतच पाठवली.

वाट बघता बघता दादाने विचारलं, "पण रॅम बिघडतीच कशी गं? तिच्यात हलणारं काहीच न्हाई."

प्रश्न भारी होता. रॅमचा प्रत्येक बिट म्हणजे एक इवलासा कपॅसिटर. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी १९६६ मध्ये ही कल्पना काढली, १९६८ मध्ये पेटंट मिळालं. हा कपॅसिटर पाझरत्या माठासारखा असतो. त्यातला चार्ज गळतो, म्हणून तो पुन्हा भरावा लागतो, साधारण दर ६४ मिलिसेकंदांनी. गरम झालं की गळती वाढते, म्हणून ८५ अंशांच्या वर हेच काम दुप्पट वेगाने करावं लागतं. एखादा माठ जरा जास्तच गळका निघाला, की खेळ खल्लास. गुगलच्या सर्व्हर्सवर झालेल्या अभ्यासात (तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला) वर्षाला ८ टक्क्यांहून जास्त स्टिकमध्ये निदान एक तरी चूक सापडली होती. सर्व्हरच्या रॅममध्ये ती चूक पकडून दुरुस्त करायची सोय असते. आपल्या साध्या पीसीत सहसा नसते.

आणि एका बिटने काय होतं म्हणाल, तर २००३ मध्ये बेल्जियमच्या शारबेकमध्ये मतदानाच्या मशीनने एका उमेदवाराला ४,०९६ मतं जास्त दिली. शक्य होती त्याहून जास्त मतं पडली, म्हणून पकडलं गेलं. ४,०९६ म्हणजे बरोब्बर दोनाचा बारावा घात, म्हणजे एकच बिट उलटलेला! संशय अंतराळातून येणाऱ्या किरणांवर गेला. नेमका गुन्हेगार कधीच सिद्ध झाला नाही. दादा म्हणाला, "आपल्या ग्रामपंचायतीला एवढं पुरलं असतं."

पहिल्या दोन स्टिक पास. पाहुण्यांपैकी एक पास. चौथी लावली आणि पहाटे साडेचारला स्क्रीनवर लाल ओळी धावायला लागल्या. ती दुसऱ्या स्लॉटमध्ये घालून बघितली, म्हणजे दोष स्लॉटचा की स्टिकचा ते कळतं. तिथेही लाल. मेमटेस्टमध्ये 'एखादीच एरर आहे, चालतंय की' असं नसतं. एक जरी आली तरी स्टिक बाद. सेकंडहँड, बिल नाही, वॉरंटी नाही. पैसे पाण्यात.

दादाने दोन्ही पाहुण्या बाहेर काढल्या. ३२ चे परत १६ झाले. आणि क्रोमच्या चाळीसेक टॅब बंद केल्यावर अल्बम बऱ्यापैकी पळायला लागला, हे त्याने मान्य केलं, पण जरा उशिरा.

(तुम्ही नवीन मशीनवर डीडीआर५ टाकली असेल, तर एक लक्षात ठेवा. पहिल्यांदा चालू करताना काही मिनिटं स्क्रीन काळाच राहू शकतो. मशीन रॅमशी जुळवून घेत असतं, घाबरून प्लग उपटू नका. आणि लॅपटॉप असेल, तर पैसे द्यायच्या आधी रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली नाही ना, ते बघा.)

राहिले फोटो. एका लग्नाचं कार्ड सुदैवाने बॅगेत तसंच होतं, ते पुन्हा कॉपी केलं. दुसऱ्याचं पुसून त्यावर पुढचा साखरपुडा शूट झाला होता. त्यातले नऊ फोटो गेले. आठ प्रसंग दादाच्या असिस्टंटच्या कॅमेऱ्यात दुसऱ्या बाजूने सापडले. नववा सापडला नाही, नवरीच्या आजीचा एकटीचा फोटो.

दादाने दोन दिवस टाळाटाळ केली आणि मग नवरीच्या घरी फोन लावून खरं काय ते सांगितलं. फोन आजींनीच घेतला होता. "मग ये की घरी, परत काढ," त्या म्हणाल्या. रविवारी दादा कॅमेरा घेऊन गेला. लग्नातलीच नऊवारी नेसून, नथ घालून आजी सोप्यात खुर्ची टाकून बसल्या होत्या. तो फोटो अल्बममध्ये अकराव्या पानावर आहे.