नोंदी ठेवताना (भाग 6) : काटव्याच्या छाप्याची नोंद

फोल्डर करायचे की टॅग लावायचे, हा विषय गेल्या आठवड्यात झाला. आता एखादा खरा विषय हाती घेऊन त्याच्या नोंदी ॲपमध्ये कशा उभ्या राहतात ते पाहू. विषय कोलकात्याचा घेतला आहे आणि तो आपलाही आहे: 1742 ते 1751 या काळात नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी बंगालवर केलेल्या स्वाऱ्या. आपल्याकडे या स्वाऱ्यांची फारशी आठवण निघत नाही. बंगालमध्ये मात्र बाळाला झोपवण्याच्या गाण्यात अजूनही बर्गी, म्हणजे मराठे स्वार, येतात, आणि उत्तर कोलकात्यात बागबाजारला मराठा डिच लेन नावाची गल्ली आहे. मराठे चालून येतील या धास्तीनं 1742 मध्ये कोलकातेकरांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला होता. बेत सात मैलांचा होता. तीनेक मैल खणून झाल्यावर मराठे काही येत नाहीत असं दिसलं आणि काम थांबलं. पुढे 1799 मध्ये त्यातला बराच भाग बुजवून सर्क्युलर रोड झाला.

या विषयाची साधनं चार भाषांत विखुरलेली आहेत. मराठी पत्रं आहेत, फारसी तवारिखा आहेत, ईस्ट इंडिया कंपनीचे इंग्रजी कागद आहेत आणि गंगारामाचं ‘महाराष्ट्रपुराण’ हे बांगला काव्य आहे. ती सगळी एकमेकांशी ताडून पाहणाऱ्या अभ्यासकांत जदुनाथ सरकारांचं नाव पहिलं घ्यावं लागतं. कोलकात्याच्या लेक टेरेसवरचं त्यांचं घर आज जदुनाथ भवन म्हणून संग्रहालय आणि अभ्यासकेंद्र झालं आहे. त्यांचा ग्रंथसंग्रह अलिपूरच्या नॅशनल लायब्ररीत आहे. कामशेतचे रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई आणि जदुनाथ यांची मैत्री आयुष्यभराची. पुणे रेसिडेन्सी पत्रव्यवहाराचे खंड 1936 पासून या दोघांच्या देखरेखीखाली निघाले. या माणसांकडे ॲप नव्हतं, पण कोणता तपशील कुठल्या कागदातून आला हे त्यांना पक्कं सांगता येत होतं. माझं म्हणणं या एकाच गोष्टीभोवती आहे. नोंद कोणत्या कप्प्यात ठेवली हा नंतरचा प्रश्न. ती कुठून आली हे लिहिताक्षणी तिच्यासोबत गेलं नाही, तर महिन्याभरानं ती नोंद असून नसल्यासारखी होते.

ऑब्सिडियन हे 2020 मध्ये आलेलं ॲप इथे वापरू. एका घटनेला एक फाइल, हा नियम ठेवू. पहिली फाइल काटव्याच्या छाप्याची; बंगालमधल्या या गावी नवाब अलिवर्दीखानानं भोसल्यांचा सेनापती भास्करराम कोल्हटकर याच्या छावणीवर हल्ला केला होता:

नाव: 1742-10-08 काटवा छापा
मूळ तारीख: 27 सप्टेंबर 1742, जुनी इंग्रजी गणना
स्रोत: जदुनाथ सरकार, ‘फॉल ऑफ द मुघल एम्पायर’, खंड 1 (आवृत्ती आणि पृष्ठ)
मजकूर: छावणीत दुर्गापूजा चालू असताना अलिवर्दीखानाच्या सैन्यानं रात्रीतून नदी ओलांडून छापा घातला. मराठी फौज उठून मागे हटली.
दुवे: [[भास्करराम कोल्हटकर]], [[अलिवर्दीखान]], [[काटवा]]
माझा तर्क: (रिकामं)

नावात साल, महिना, दिवस या क्रमानं आकडे घातले की फाइली आपोआप कालक्रमानं लागतात. 27-9-1742 असं लिहिलं तर सगळ्या वर्षांच्या सत्तावीस तारखा एकाखाली एक येतील. दुहेरी चौकोनी कंसात नाव घातलं की त्या नावाच्या फाइलकडे दुवा तयार होतो. ती फाइल नसेल तर दुव्यावर टिचकी मारल्यावर तयार होते. पुढे कधी भास्कररामाची फाइल उघडली, तर त्याचा उल्लेख असलेल्या सगळ्या नोंदी तिच्या कडेला दिसतात. 1744 मध्ये अलिवर्दीनं त्याला बोलणी करायला मानकरा या ठिकाणी बोलावून तंबूत ठार करवलं, ती नोंद काटव्याच्या नोंदीशेजारी येऊन बसते. काटव्याच्या छाप्याची नोंद भोसल्यांच्या फोल्डरमध्ये ठेवायची, बंगालच्या की 1742 च्या, हा प्रश्नच उरत नाही. एकाच विषयाला काळ, स्थळ, क्रिया अशा अनेक बाजू असतात हे ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी 1933 मध्ये द्विबिंदू वर्गीकरणात मांडलं होतं. 

आता त्या दोन तारखांकडे या. सप्टेंबरची एक आणि ऑक्टोबरची एक, असं का? इंग्लंडमध्ये 1752 पर्यंत जुलियन दिनदर्शिका चालू होती आणि ती आजच्या दिनदर्शिकेच्या 11 दिवस मागे होती. कोलकात्यातले कंपनीचे कागद त्याच गणनेनं चालत. जदुनाथांनी दिलेली 27 सप्टेंबर कोणत्या गणनेची, हे पाहायला आश्विनातले पूजेचे दिवस पुरतात. 1742 मध्ये आश्विन शुद्ध नवमी आजच्या गणनेनं 7-8 ऑक्टोबरच्या सुमारास येते. छापा पूजेच्या दिवसांत पडला हे धरलं, तर 27 सप्टेंबर जुन्या गणनेची ठरते आणि 11 दिवस मिळवून 8 ऑक्टोबर येते. तिथी सुटी असती आणि तारीख सुटी असती तर हा ताळा घेताच आला नसता.

म्हणून तारखेच्या दोन जागा हव्यात. मूळ कागदात जशी आहे तशी एक, आणि रूपांतर केलेली दुसरी. मूळ तारीख कधीही खोडायची नाही. रूपांतराचे नियम एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवावेत, म्हणजे दर वेळी शोधावे लागत नाहीत. शकाच्या आकड्यात 78 मिळवले की इसवी सन येतो; जानेवारी ते गुढीपाडवा या तुकड्यात 79. बंगाब्दात 593, आणि जानेवारीपासून मध्य एप्रिलपर्यंत 594. म्हणजे शके 1664 आणि बंगाब्द 1149 ही दोन्ही वर्षं 1742 मध्ये सुरू होतात. हिजरी वर्ष चांद्र असल्यानं तिथे अशी बेरीज चालत नाही, कोष्टकच पाहावं लागतं. फारसी साधनातली नोंद करताना महिन्याचं नाव वगळू नका. नुसतं 1155 लिहिलं तर ते 1742 च्या मार्चपासून 1743 च्या फेब्रुवारीपर्यंत कुठेही पडू शकतं.

नावांचाही असाच घोळ असतो. भास्करराम कोल्हटकर बांगला पुस्तकांत भास्कर पंडित म्हणून भेटतो, इंग्रजीत आणखी कशा कशा स्पेलिंगांनी. ऑब्सिडियनमध्ये फाइलच्या डोक्याशी पर्यायी नावं लिहिण्याची सोय आहे. तिथे ही सगळी रूपं घालावीत, बांगला लिपीतलंही. मग कोणत्याही नावानं शोधलं तरी एकच फाइल पुढे येते.

मराठी लिहिणाऱ्याला आणखी एक अडचण सोसावी लागते आणि तिच्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं. ‘स्वाऱ्या’ हा शब्द घ्या. त्यातलं ‘ऱ्या’ संगणकात दोन प्रकारे साठवलं जाऊ शकतं. एका प्रकारात ऱ हे स्वतंत्र अक्षर असतं, दुसऱ्यात साधा र आणि त्यापुढे न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही शब्द सारखेच दिसतात. एका कीबोर्डवर टंकलेला ‘स्वाऱ्या’ दुसऱ्या कीबोर्डवरून शोधला तर अनेक ॲप सांगतात, काही सापडलं नाही. नोंद समोर असते आणि आपण ती हरवली म्हणून पुन्हा लिहायला घेतो. पंडित आणि पण्डित दिसायला वेगळे, पण शोधताना तिथेही हेच होतं. यावर उपाय साधे आहेत: फोन आणि संगणक दोन्हीकडे एकच कीबोर्ड वापरा, आणि प्रत्येक नोंदीला जोडाक्षरांच्या भानगडीत न पडणारा एखादा टॅग लावा. या विषयाला ‘बंगाल1742’ चालेल. जिथे परवानगी असते तिथे जे पानांचे फोटो काढून फोनकडून मजकूर वाचून घेतात, त्यांनी तर जास्तच जपावं. फोन ओळखलेला मजकूर कोणत्या रूपात साठवेल हे आपल्या हातात नसतं.

‘माझा तर्क’ ही ओळ वरच्या नमुन्यात रिकामी ठेवली आहे, पण ती आहे. मूळ कागद काय म्हणतो आणि त्यावरून मला काय वाटतं, या दोन गोष्टी एका परिच्छेदात मिसळल्या की वर्षभरानं आपलाच अंदाज पुरावा म्हणून आपल्यापुढे उभा राहतो. जादवपूर विद्यापीठानं 2013 मध्ये रवींद्रनाथांच्या हस्तलिखितांचं आणि छापील आवृत्त्यांचं ‘विचित्रा’ नावाचं डिजिटल भांडार खुलं केलं. तिथे एका कवितेचे अनेक पाठ असतील तर त्यातला एकही पाठ दुसऱ्यात मिसळलेला नाही. प्रत्येक पाठ स्वतंत्र आहे आणि त्यांतले फरक ‘प्रभेद’ नावाचं साधन शेजारी मांडून दाखवतं. आपल्या दोन-चारशे नोंदींनाही तेवढाच मान द्यायला हवा. गंगारामानं बर्गींच्या अत्याचारांचं वर्णन केलं आहे; ते त्याच्या नावावर राहू दे. मराठी पत्र वेगळं सांगत असेल तर तेही त्याच घटनेखाली, स्वतंत्र ओळीत येऊ दे. मराठी माणसानं हा भाग लिहिताना ते वर्णन सौम्य करून नोंदवायचा मोह टाळावा, असं मला मनापासून वाटतं.

शेवटी ॲप बंद पडण्याचा प्रश्न. गूगल नोटबुक 2012 मध्ये बंद झालं. एव्हरनोटनं 2023 च्या अखेरीस फुकट वापरणाऱ्यांवर 50 नोंदींची मर्यादा घातली. ऑब्सिडियनची निवड इथे केली ती त्याच्या दिसण्यासाठी नाही. त्याच्या नोंदी साध्या मजकुराच्या फाइली असतात आणि आपल्याच डिस्कवर एका फोल्डरमध्ये राहतात. उद्या ॲप काढून टाकलं तरी त्या कोणत्याही संगणकावर उघडतात. जॉप्लिन हे दुसरं मोफत ॲप वापरत असाल तर अधूनमधून मार्कडाउन स्वरूपात निर्यात करून ठेवा. फोल्डरची एक प्रत पेन ड्राइव्हवर असावी, आणि ती नीट झाली आहे की नाही हे पाहायला तिच्यातली काटव्याची फाइल उघडून बघावी.

पुढच्या भागात हस्तलिखित आणि मोडी कागदांच्या फोटोंना नावं कशी द्यायची ते पाहू.