पूर्वजांचा माग

आपल्या आजोबांच्या वडिलांचें नांव आपणांपैकीं कितीजणांस सांगतां येईल? बहुतेकांची स्मृति तेथेंच अडखळते. अशा वेळीं जुनी लेखी नोंद उपयोगी पडते. ती कोठें व कशी शोधावी, हें येथें थोडक्यांत सांगावयाचें आहे.

ह्या कामीं इंग्लंडच्या शेजारील वेल्स देशाचें उदाहरण बोधप्रद आहे. तेथील पुष्कळ लोक उपजीविकेसाठीं परदेशीं गेले; कांहीं कुटुंबें १८६५ सालीं दक्षिण अमेरिकेंतील पॅटागोनियांत जाऊन वसलीं. परदेशांतील त्यांचे वंशज आपलें मूळ गांव दोन साधनांनीं शोधतात. पहिलें साधन शिरगणतीचें. तेथील १८४१ पासूनच्या शिरगणतींत घरांतील माणसांचीं नांवें, आणि १८५१ पासून त्यांचें जन्मस्थळही, लिहिलेलें आढळतें. हे कागद शंभर वर्षांनीं सर्वांस खुले होतात. दुसरें साधन म्हणजे बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची चर्चमधील नोंदवही.

तेथें अडचण येते ती नांवांची. पूर्वीं वेल्समध्यें आडनांवें स्थिर नव्हतीं. मुलगा बापाच्या नांवानें ओळखला जाई. 'ॲप हॉवेल' म्हणजे हॉवेलचा मुलगा. त्याचेंच पुढें 'पॉवेल' झालें. आपल्याकडील जुन्या कागदांत हेंच काम 'वल्द' हा शब्द करतो. 'गोमा वल्द राघो' म्हणजे राघोचा मुलगा गोमा.

आपल्या देशांत पहिली शिरगणती १८७२ च्या सुमारास झाली व १८८१ पासून ती दर दहा वर्षांनीं होऊं लागली. परंतु तिचे आंकडे तेवढे प्रसिद्ध होतात. माणसांच्या नांवांचे कागद वंशशोधासाठीं मिळत नाहींत. यास्तव आपणांस दुसऱ्या वह्यांकडे वळावें लागतें.

त्यांत प्रमुख म्हणजे कोतवाल बुक. मध्यप्रांताच्या काळांत गांवांतील जन्ममृत्यूच्या नोंदी त्यांत होत असत. तारीख, बापाचें नांव व जात हीं त्यांत सांपडतात. मुलाचें नांव मात्र पुष्कळदां नसतें, केवळ 'मुलगा झाला' एवढेंच असतें. तहसील कचेरींत अर्ज करून अशा नोंदीची प्रमाणित नक्कल मागतां येते. दुसरी वही शाळेचें दाखल-खारीज रजिस्टर, आणि ख्रिस्ती कुटुंबांसाठीं तिसरी चर्चची बाप्तिस्म्याची नोंदवही.

शोध करितांना कांहीं गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. जुन्या कागदांत चंद्रपूरऐवजीं 'चांदा' असेल. गडचिरोली जिल्हा १९८२ सालीं वेगळा झाल्यामुळें तिकडील जुन्या नोंदीही चांद्याच्याच नांवें असतील. वरोऱ्याची जुनी कोळशाची खाण १८७१ पासून १९०६ पर्यंत चालू होती. कामासाठीं बाहेरून आलेल्या कुटुंबाचा माग त्याच्या मूळ गांवींच लागावयाचा. कांहीं नोंदी मोडींत असतात. त्या जाणत्याकडून वाचवून घ्याव्या. केवळ नांव जुळलें म्हणून आपला पूर्वज सांपडला असें मानूं नये. बापाचें नांव, गांव व साल हीं तिन्ही ताडून पाहावीं.

हा शोध निव्वळ हौसेचा नाहीं. अनुसूचित जमातीच्या दाखल्याची पडताळणी होतांना ६ सप्टेंबर १९५० पूर्वींच्या नोंदीस, आणि अनुसूचित जातीसाठीं १० ऑगस्ट १९५० पूर्वींच्या नोंदीस, मोठें महत्त्व असतें. आपल्या भागांतील एखाद्या गोंड वा माना मुलाचा महाविद्यालयांतील प्रवेश पणजोबांच्या नांवच्या एका ओळीवर अडून राहतो. ती ओळ ऐनवेळीं शोधूं गेल्यास धांवपळ होते आणि पुष्कळदां वेळ निघून जातो.

म्हणून पालकांस विनंति कीं, घरांतील वृद्ध माणसें आहेत तोंवरच त्यांच्या मुखांतून आजोबा-पणजोबांचीं नांवें, गांवें व शाळा विचारून घ्याव्या. मुलांनीं येत्या सुटींत त्या सर्व एका वहींत तारखेसह उतराव्या. कचेरींत कोणतें पान उघडावयाचें, हें त्या वहीवरूनच कळेल.