आईचं कार्ड, माझं कार्ड

रविवारी सकाळी सहाला उठायचं? आमच्या पिढीच्या हिशेबानं हा शुद्ध छळ! पण गेल्या रविवारी आईनं मला अक्षरशः ओढतच आरे कॉलनीत फिरायला नेलं. गोरेगावच्या हायवेवरून आत वळलं, की रिक्षातच हवा बदलते. मी लगेच मोबाइल काढला. आईला मात्र फोटोत काडीचा इंटरेस्ट नव्हता. तिला तिचं कॉलेज आठवत होतं.

ऐंशीच्या दशकात कॉलेजात असताना ती रोज पहाटे आरेच्या दूध केंद्रावर बसायची. मुंबईतल्या कितीतरी मुलामुलींनी असंच शिक्षण पूर्ण केलंय. कार्ड बघायचं, रिकामी बाटली घ्यायची, भरलेली द्यायची आणि मग लेक्चर गाठायचं. मुंबईतल्या गोठ्यांतल्या म्हशींना शहराबाहेर जागा मिळावी म्हणून १९४९ मध्ये ही दूध वसाहत उभी राहिली, १९५१ मध्ये पंडित नेहरूंनी तिचं उद्घाटन केलं. तिचे शिल्पकार दारा खुरोडी यांना १९६३ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण आईसाठी आरे म्हणजे पहिला पगार. त्यातून फी भरली, आजीला साडी घेतली आणि उरलेले पोस्टात टाकले.

तिचं कार्ड दुधाचं, माझं क्रेडिटचं! दीड वर्षापूर्वी मी परमनंट नोकरी सोडून फ्रीलान्सिंग सुरू केलं. 'आपल्या मर्जीचे मालक' वगैरे फंडा. प्रत्यक्षात दोन पेमेंट्स अडकलीत आणि सलग तिसऱ्या महिन्यात मी कार्डाचा फक्त मिनिमम ड्यू भरलाय. आईला यातलं काहीच माहीत नव्हतं.

पाड्यावर उलटी गंगा

आरेत आदिवासींचे २७ पाडे आहेत. त्यातल्याच एका पाड्यावर आईची नेहमीची भाजीवाली राहते. पावसाळ्यात शेवळं, टाकळा, कंटोली आणि एरवी वाडीतला भाजीपाला ती स्टेशनजवळ विकते. तिची लेक बीकेसीतल्या एका ऑफिसात आहे. आईनं संधी साधून माझी तक्रार केलीच, 'बघ, हिला नोकरी नको!'

लेक हसली. 'काकू, माझ्या आईनं जन्मभर हेच केलंय. पाऊस लांबला की महिना कोरडा. मला एक तारखेचा पगार हवा होता.'

तिची आईही गप्प बसणारी नव्हती. 'हिला ताप आला तरी मेल टाकून विचारावं लागतं. मला कोण विचारतंय?'

मी चाट! म्हणजे मी ज्याला नव्या पिढीची लाइफस्टाइल समजत होते, ती इथली आई कधीपासून जगत होती. आणि माझ्या आईचं परमनंट नोकरीचं स्वप्न इथली लेक पूर्ण करत होती.

पण खरी गाठ पुढेच होती. ही मुलगी ऑफिसला मेट्रो ३ नं जाते. ऑक्टोबर २०१९ मध्ये आरेतली दोन हजारांवर झाडं कापली गेली, ती याच मेट्रोच्या कारशेडसाठी. ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते बीकेसी गाडी सुरू झाली आणि लेकीचा प्रवासातला कितीतरी वेळ वाचला. तिची आई मात्र अजून त्या गाडीत बसलेली नाही.

'मी बसले नाही म्हणून झाडं परत येणार आहेत का?' लेक म्हणाली. मग जरा थांबून हळूच, 'पण घरी आल्यावर मेट्रोचं नाव नाही काढत मी.'

आईनं ते ऐकून घेतलं. कोणाची बाजू घेतली नाही.

परत येताना चहाच्या टपरीवर मी आईला कार्डाचं सगळं सांगून टाकलं. ओरडा बसणार, याची शंभर टक्के खात्री होती. आईनं आधी मिनिमम ड्यू म्हणजे काय ते विचारलं. मग राहिलेल्या रकमेवर व्याज किती ते विचारलं. आकडा ऐकून तिनं कप खाली ठेवला.

'मी भरणार नाही,' ती म्हणाली. 'पण दर महिन्याला किती भरणार, ते आज लिहून दे मला.'

लिहून दिलंय. कागद फ्रिजवर लावलाय, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी. आणि हो, अडकलेल्या पेमेंटसाठी सोमवारी पहिला फोन मीच केला. तुमच्या फ्रिजवर काय लावलंय, मंडळी?